ऑल-वेदर ट्रॅकवरील शर्यतीचा अंदाज कसा बांधावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या पावसाळी आणि महालक्ष्मीच्या हिवाळी हंगामातील शर्यती आपण अनेक वर्षे पाहिल्या, आता इंग्लंडमध्ये वास्तव्य असल्यामुळे वुल्व्हरहॅम्प्टनला संध्याकाळच्या शर्यतींना जाता, परंतु तेथे जुने आडाखे चालत नाहीत. मागच्या वेळी दुसरा आलेला घोडा आठवा येतो, तीन शर्यतींत काहीच न केलेला घोडा आरामात जिंकतो, आणि हे आधी कसे ओळखावे ते उमगत नाही. माझे उत्तर असे की आपण अभ्यासाचा क्रम उलटा धरला आहे. ऑल-वेदर, म्हणजे गवताऐवजी कृत्रिम पृष्ठभागावरील, शर्यतीत आधी शर्यत वाचावी आणि नंतर घोडे वाचावेत. ट्रॅक व अंतर, स्टॉलचा (सुरुवातीच्या फाटकातील जागेचा) क्रमांक, शर्यतीची संभाव्य गती, हॅण्डिकॅप रेटिंग (घोड्याच्या क्षमतेचा अधिकृत आकडा; त्यावरून त्याने वाहायचे वजन पौंडांत ठरते), ट्रेनरचा हेतू आणि सर्वांत शेवटी भाव, हा माझा क्रम आहे. मागील शर्यतींतील नुसते क्रमांक, म्हणजे रेसबुकात घोड्याच्या नावाशेजारी छापलेले आकडे, यांना मी या क्रमात स्वतंत्र जागाच देत नाही.

यामागचे कारण पृष्ठभागात आहे. पुण्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात पेनिट्रोमीटरचे (ट्रॅक किती मऊ आहे हे मोजणाऱ्या उपकरणाचे) रीडिंग दिवसागणिक बदलते आणि निम्मा अभ्यास ‘या घोड्याला ओला ट्रॅक मानवतो का’ या एका प्रश्नाभोवती फिरतो. कृत्रिम ट्रॅकवर हा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो. तेथील स्थिती बहुतेक दिवशी ‘स्टँडर्ड’ असते, क्वचित ‘स्टँडर्ड टू स्लो’ किंवा त्याच्या उलट. एक मोठा चल घटक स्थिर झाला की उरलेले घटक अधिक ठळक होतात. म्हणून वळणावर घोडा किती बाहेरून धावला, पुढे कोण गेला आणि त्याला किती स्वस्तात पुढे राहू दिले, या गोष्टी निकाल ठरवतात.

ब्रिटनमध्ये असे सहा ट्रॅक आहेत. लिंगफील्ड, केम्प्टन आणि चेम्सफोर्ड येथे पॉलिट्रॅक आहे, तर वुल्व्हरहॅम्प्टन, साउथवेल आणि न्यूकॅसल येथे टॅपेटा. आयर्लंडमधील एकमेव कृत्रिम ट्रॅक डंडॉकचा असून तोही पॉलिट्रॅकचा आहे. दोन्ही पृष्ठभागांत वाळू, कृत्रिम तंतू आणि मेण यांचे मिश्रण असते. टॅपेटा विकसित करणारे मायकेल डिकिन्सन हे स्वतः नामांकित ट्रेनर. १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे त्यांचे होते. पॉलिट्रॅकवर चांगला धावलेला घोडा टॅपेटावरही बहुधा धावतो, त्यामुळे या दोहोंतील फरकाचा मी फार बाऊ करत नाही. मात्र जुन्या नोंदी चाळताना एक दक्षता आवश्यक आहे. साउथवेलला २०२१ पर्यंत फायबरसँड होता. तो खोल, दमछाक करणारा पृष्ठभाग होता आणि तेथे काही घोडे असे होते की जे अन्यत्र काहीच करत नसत, पण साउथवेलला पुन्हापुन्हा जिंकत. त्या काळातील साउथवेलची आकडेवारी, मग ती घोड्याच्या वंशाची असो वा स्टॉलच्या क्रमांकाची, आजच्या साउथवेलला लागू करू नये. वुल्व्हरहॅम्प्टनचेही तसेच: १९९३ मध्ये फायबरसँड, २००४ मध्ये पॉलिट्रॅक आणि २०१४ पासून टॅपेटा. एखादा संकेतस्थळचालक ‘पंचवीस वर्षांची आकडेवारी’ मिरवत असेल तर त्यातील बरीचशी वेगवेगळ्या ट्रॅकची आहे हे लक्षात असू द्यावे.

हवामान अगदीच निष्प्रभ होते असेही नाही. थंडीत मेण घट्ट होते, उन्हाळ्यात सैल पडते आणि ट्रॅकची देखभाल करणारे कर्मचारी वाळू किती खोल विंचरतात त्यावर त्या दिवसाची गती बदलते. जोराचा वारा समोरून असेल तर आघाडीच्या घोड्याला तो एकट्याने अंगावर घ्यावा लागतो. म्हणून दिवसाच्या पहिल्या दोन शर्यतींच्या वेळा त्या ट्रॅकवरील त्या अंतराच्या प्रमाणवेळेशी ताडून पाहण्याची सवय उपयोगी पडते. दोन्ही शर्यती मागून येणाऱ्यांनी जिंकल्या असतील तर तिसऱ्या शर्यतीतील आघाडीवीरावरचा विश्वास थोडा कमी करावा, पूर्ण सोडू नये.

आता ट्रॅकच्या आकाराकडे येऊ, कारण नवख्या पंटरचे (पैज लावणाऱ्याचे) सर्वाधिक नुकसान येथेच होते. वुल्व्हरहॅम्प्टनचा ट्रॅक डावीकडे वळणारा, साधारण एक मैल परिघाचा आणि अरुंद वळणांचा आहे; शेवटचा सरळ भाग दोन फर्लांगांहूनही कमी (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग). तेथील १ मैल १४२ यार्डांची शर्यत विजयरेषेच्या थोडी अलीकडे, सरळ भागातच सुरू होते आणि पहिले वळण लगेच येते. बाहेरच्या स्टॉलमधील जॉकीपुढे मग दोनच पर्याय उरतात: जोर लावून पुढे जाणे आणि शक्ती खर्च करणे, किंवा मागे घेऊन आत येणे आणि शेवटच्या आखूड सरळ भागात सगळ्यांना गाठण्याची आशा बाळगणे. तिसरा पर्याय, म्हणजे वळणभर बाहेरूनच धावत राहणे, सर्वांत महाग पडतो. याचा हिशेब शाळेतल्या भूमितीने करता येतो. रेलपासून (आतल्या कठड्यापासून) २ मीटर बाहेरून अर्धवर्तुळाकार वळण घेतले तर सव्वासहा मीटर जादा पडतात. दोन वळणांचे मिळून साडेबारा मीटर, म्हणजे सुमारे पाच लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). मैलाच्या शर्यतीत एका लेंग्थला अंदाजे दोन पौंड धरले तर हा घोडा दहा पौंडांचे अदृश्य ओझे वाहत होता असे म्हणावे लागेल. निकालात तो ‘साडेचार लेंग्थने सातवा’ असा दिसतो. पुढच्या शर्यतीत त्याला आतला स्टॉल मिळाला आणि भाव ८/१ (एका रुपयावर आठ रुपये नफा) असला, तर माझे लक्ष प्रथम त्याच्याकडे जाते. आपण म्हणता तो ‘काहीच न केलेला’ विजेता बहुधा असाच एखादा असतो.

न्यूकॅसल हे याचे दुसरे टोक आहे. तेथे २०१६ पासून टॅपेटा असून पूर्ण एक मैल सरळ धाव आहे, तीही चढाची. वळण नाही म्हणून स्टॉलचा आतला-बाहेरचा हिशेब येथे लागू होत नाही. प्रश्न असतो तो घोडे कोणत्या बाजूने जमतील आणि गती कोणत्या बाजूला आहे याचा. आघाडीवर धावणाऱ्याला येथे लपायला जागा नसते आणि शेवटच्या फर्लांगात चढ त्याची परीक्षा घेतो, त्यामुळे मागून शांतपणे येणाऱ्या घोड्याचे मूल्य येथे वाढते. वुल्व्हरहॅम्प्टनला सुरुवातीपासून आघाडी घेऊन जिंकलेला आणि न्यूकॅसलला चढावर दमलेला घोडा पुन्हा वुल्व्हरहॅम्प्टनला आला, तर मधल्या पराभवाकडे सरळ दुर्लक्ष करावे.

इतरांविषयी थोडक्यात. लिंगफील्डला शेवटच्या वळणाकडे उतार आहे आणि त्यानंतरचा सरळ भाग आखूड. जॉकी एकमेकांची वाट पाहत बसतात, गती मंदावते आणि शर्यत शेवटच्या दोन फर्लांगांच्या धावेत बदलते. तेथे केवळ तग धरणारा घोडा नको, क्षणात वेग घेणारा हवा. चेम्सफोर्डची वळणे रुंद असली तरी आघाडीवर राहणाऱ्यांना हा ट्रॅक साथ देतो. केम्प्टन हा या सहांतील एकमेव उजवीकडे वळणारा ट्रॅक. महालक्ष्मी आणि पुण्याची सवय असलेल्या डोळ्यांना तो ओळखीचा वाटेल. तेथे ५ आणि १० फर्लांगांच्या शर्यती आतल्या वळणाने तर बाकीच्या बाहेरच्या वळणाने होतात, आणि आतल्या वळणानंतरचा सरळ भाग आखूड आहे. म्हणून ‘केम्प्टनला दोनदा जिंकला’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या अंतरावर जिंकला ते पाहावे.

यानंतर शर्यतीची संभाव्य गती. प्रत्येक घोड्याच्या मागील पाच-सहा शर्यतींचे वर्णन वाचावे आणि तो सुरुवातीला कोठे होता एवढेच टिपावे: आघाडीवर, आघाडीच्या मागे, मध्ये की मागे. दहा घोड्यांच्या शर्यतीत एकच सवयीचा आघाडीवीर असेल आणि त्याला दुसरा-तिसरा स्टॉल मिळाला असेल, तर त्याला फुकटची आघाडी मिळण्याची शक्यता मोठी. भाव काहीही असो, अशा घोड्याला मी अभ्यासातून वगळत नाही. उलट चार आघाडीवीर एकत्र आले तर ते एकमेकांना दमवतात आणि मागच्या घोड्यांचे फावते. येथे जॉकीची सवयही पाहावी, कारण काही जॉकी स्टॉलमधून घोडा चटकन बाहेर काढतात आणि काहींना थांबून येण्यातच रस असतो. घोड्यावर नवा जॉकी बसला आहे आणि तो पहिल्या प्रकारचा आहे, ही बाब रेसबुकात कोणी ठळक करून छापत नाही.

झालेल्या शर्यतीची गती मोजण्यासाठी टप्प्यांच्या वेळा आता अनेक ठिकाणी उपलब्ध असतात. समजा, ७ फर्लांगांची शर्यत ८८ सेकंदांत झाली. सरासरी फर्लांगाला १२.५७ सेकंद आली. विजेत्याने शेवटचे दोन फर्लांग २३ सेकंदांत, म्हणजे फर्लांगाला साडेअकरा सेकंदांत कापले. सरासरीला साडेअकराने भागले की १०९ टक्के येतात, म्हणजे शेवटचा वेग सरासरीपेक्षा ९ टक्क्यांनी अधिक होता. याचा अर्थ सुरुवात फार संथ होती, आघाडीवरच्यांना ती भेट मिळाली आणि अशा शर्यतीत मागून येऊन तिसरा आलेला घोडा विजेत्यापेक्षा श्रेष्ठ असण्याचा संभव आहे. एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये, आणि दोन ट्रॅकचे हे आकडे थेट एकमेकांशी ताडू नयेत. न्यूकॅसलचा चढ आणि लिंगफील्डचा उतार यांत तुलना होऊच शकत नाही. परंतु ज्या शर्यतीवरून आपण निष्कर्ष काढणार आहोत ती खरी शर्यत होती की रमतगमत झालेली मिरवणूक, हे कळण्यासाठी दोन मिनिटांचा हा भागाकार पुरेसा आहे.

हॅण्डिकॅपविषयी आपण ‘रेटिंग उतरले की घोडा जिंकतो’ असे लिहिले आहे. हे अर्धे सत्य आहे. हिवाळ्यातील संध्याकाळच्या बहुतेक शर्यती क्लास ५ आणि ६ च्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या, असतात आणि त्यांतील घोडे त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी महिन्यातून दोन-तीनदा भिडतात. त्यांची क्षमता हॅण्डिकॅपरला (रेटिंग ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) नीट ठाऊक असते. असा घोडा ६२ वर हरत हरत ५६ वर आला की त्याच्या विजयाची शक्यता वाढते, पण याच रेटिंगवर तो पूर्वी जिंकला आहे का, आणि उतरणीचे कारण वय व दुखापत आहे की गैरसोयीचे ट्रॅक आणि अंतर आहे, हे पाहिले पाहिजे. नऊ वर्षांचा घोडा दर महिन्याला दोन पौंड खाली येत असेल तर तो संधी नव्हे, उतार आहे. मात्र तोच घोडा सलग तीनदा न्यूकॅसलला धावून खाली आला असेल आणि आज त्याच्या आवडत्या वुल्व्हरहॅम्प्टनला, आवडत्या अंतरावर, आतल्या स्टॉलमधून निघत असेल, तर ट्रेनरने वाट पाहिली असे समजावे. ब्रिटनमध्ये घोड्याला गवताचे आणि कृत्रिम ट्रॅकचे रेटिंग वेगवेगळे असू शकते. गवतावर ७५ असलेला आणि वाळूवर ६४ असलेला घोडा जेव्हा वाळूवर परत येतो, तेव्हा हा ११ पौंडांचा फरक खरा आहे की वाळूवरील अपुऱ्या संधींमुळे राहिला आहे, हा त्या शर्यतीचा मध्यवर्ती प्रश्न ठरतो. शिकाऊ जॉकीची सवलतही हिशेबात धरावी: २० विजयांपर्यंत ७ पौंड, ५० पर्यंत ५ आणि ९५ पर्यंत ३. सवलत संपत आलेला, म्हणजे नव्वदीतला मुलगा हा बहुधा पूर्ण जॉकीच्या तोडीचा असतो आणि तरीही ३ पौंड वजा मिळतात; यासारखी उघड सवलत दुसरी नाही.

शरद ऋतूतील दोन वर्षांच्या घोड्यांच्या नवोदित शर्यतींना मात्र वरचे काहीच लागू पडत नाही, कारण तेथे फॉर्म नसतोच. मोठे ट्रेनर आपले उत्तम घोडे आता बिनदिक्कत वाळूवर उतरवतात. एनेबल ही नामवंत घोडी २०१६ च्या नोव्हेंबरात न्यूकॅसलला पहिली शर्यत जिंकली. पुढे २०१८ मध्ये आर्क या फ्रान्समधील सर्वांत मोठ्या शर्यतीतील दुसऱ्या विजयाआधी तिची तयारीची शर्यत केम्प्टनच्या पॉलिट्रॅकवरच झाली. लांब अंतराचा नामवंत घोडा स्ट्रॅडिव्हेरियस याचा पहिला विजयही न्यूकॅसलचाच. २०१९ मध्ये डॉनकास्टरची धावपट्टी पाण्याने निकामी झाल्यामुळे फ्युचुरिटी ट्रॉफी न्यूकॅसलला हलवण्यात आली आणि ब्रिटनमधील कृत्रिम ट्रॅकवरची पहिली ग्रुप एकची, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, शर्यत झाली. ती जिंकणारा कामेको पुढच्या वर्षी टू थाउजंड गिनीज ही मानाची शर्यत जिंकला. सांगण्याचा मुद्दा हा की नवोदितांच्या शर्यतीत वंशावळ, ट्रेनरचे पहिल्या धावेतील यश आणि बाजारातील भावाची हालचाल या तिन्हींना हॅण्डिकॅपपेक्षा किती तरी अधिक वजन द्यावे. मी स्वतः अशा शर्यतींत टीप देण्याचे सहसा टाळतो. पाहतो मात्र आवर्जून.

ट्रेनरच्या हेतूविषयी भरपूर लोककथा प्रचलित आहेत. त्यांतील दोन-तीन खुणा मी गंभीरपणे घेतो. न्यूमार्केटच्या ट्रेनरने दोनशेहून अधिक मैलांचा प्रवास करून न्यूकॅसलला एकच घोडा पाठवला असेल तर तो सहलीला पाठवलेला नसतो. पहिल्यांदाच ब्लिंकर्स किंवा चीकपीस (घोड्याची बाजूची नजर मर्यादित करणारी साधने) लावलेला घोडा सुरुवातीला अधिक जोराने धावण्याचा संभव असतो, आणि याचा परिणाम त्याच्यापुरता मर्यादित न राहता संपूर्ण शर्यतीच्या गतीवर होतो. श्वसनमार्गावरील शस्त्रक्रियेची माहिती २०१८ पासून जाहीर करावी लागते; शस्त्रक्रियेनंतरची पहिली धाव आणि त्याच वेळी खाली आलेले रेटिंग, हा मेळ लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता भाव. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरील पैज हा प्रामुख्याने कौशल्याचा भाग मानला, पण हे कौशल्य विजेत्याचे नाव सांगण्यात नाही, त्याची किंमत ठरवण्यात आहे. फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा) घोडा साधारण तीनांत एकदा जिंकतो, त्यामुळे नुसती नावे सांगायची तर कोणीही सांगेल. सात घोड्यांचे भाव २/१, ३/१, ४/१, ६/१, ८/१, १०/१ आणि १६/१ असे असतील तर त्यांच्या शक्यतांची बेरीज ११८ ते ११९ टक्के होते. वरचे १८-१९ टक्के ही बुकीची कमाई. म्हणून मी भाव पाहण्यापूर्वी स्वतःच्या शक्यता लिहून काढतो आणि त्यांची बेरीज शंभरच ठेवतो. माझ्या मते एखाद्याची शक्यता २० टक्के असेल, म्हणजे योग्य भाव ४/१ असेल, आणि बाजारात ६/१ मिळत असेल तर ती टीप. त्याच घोड्याला ३/१ मिळत असेल तर तो जिंकण्याची सर्वाधिक शक्यता असूनही टीप नाही. वाचकांना हे पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण त्यांना नाव हवे असते. नावाशेजारी किमान भाव न लिहिणाऱ्या टीपकाराला मी अर्धवट टीपकार समजतो.

विन-प्लेस पैजेत, म्हणजे घोडा पहिला किंवा पहिल्या काही क्रमांकांत येईल अशा पैजेत, घोड्यांच्या संख्येवर नजर असावी. आठ घोडे धावले तर तीन क्रमांकांना, पाच ते सात धावले तर दोनच क्रमांकांना पैसे मिळतात. नेमके आठ घोडे असलेली शर्यत आणि त्यातला एकच दुबळा फेव्हरिट, ही प्लेससाठी उत्तम स्थिती. पण एका घोड्याने माघार घेतली की ती एका क्षणात बिघडते.

म्हणून शर्यतीपूर्वीचा शेवटचा अर्धा तास माझ्या दृष्टीने सकाळच्या दोन तासांइतकाच महत्त्वाचा आहे. माघार घेतलेल्या घोड्यामुळे जिंकलेल्या पैजेच्या रकमेतून कपात होते हे सर्वांना ठाऊक असते. पण तो घोडा आघाडीवीर असेल तर आपण मांडलेला शर्यतीचा नकाशाच रद्द होतो, याकडे लक्ष जात नाही. समजा, मागून येणाऱ्या घोड्याची टीप आपण तीन आघाडीवीर एकमेकांना दमवतील या आधारावर दिली होती आणि त्यांतील दोघांनी दुपारी माघार घेतली. उरलेल्या एकाला आता फुकटची आघाडी मिळणार. अशा वेळी मूळ टीप मागे घ्यावी, उरलेल्या आघाडीवीराची शक्यता नव्याने मांडावी, आणि त्याचा भाव अजून बदलला नसेल तर टीप त्याची द्यावी. बाजार बहुधा कपात तेवढी करतो. गतीचा फेरविचार करायला त्याला आणखी काही मिनिटे लागतात.